बर्फ वितळला नव्हता

"आजी, बर्फ वितळलेला हवा."

अनघाताई म्हणाल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकटी होत्या, चौकटींत माणसं होती, आणि मी नुकतंच माझ्या पोरीचं मरण वाचून संपवलं होतं. हातातले कागद अजून खाली ठेवले नव्हते.

"म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "आई धावतेय. पदरात बर्फ आहे, डोक्यावर ऊन आहे. घरी पोचते, पदर उघडते, आणि आत नुसतं पाणी! काय सिम्बॉल आहे आजी! तुम्ही काय लिहून गेलात ते तुमच्या लक्षातच आलेलं नाही."

"पाणी नव्हतं," मी म्हणाले. "बर्फ होता."

"हो, हो, कळलं मला. पण कथेला पाणी हवंय."

आयर्लंडमधल्या कॉर्कहून निखिल नावाचा एक मुलगा यायचा या लेखनवर्गाला. कंपनीत कामाला होता, बोलायला चुरचुरीत. तो म्हणाला, "अनघाताई, कथा कॉर्कमध्ये घडवू नका हं. आमच्याकडे जूनमध्येसुद्धा वितळायचा नाही!"

सगळे हसले. लॅपटॉपवर सगळ्यांचं हसणं ऐकू येत नाही. एकाचंच येतं. बाकीच्यांचे नुसते दात दिसतात.

ते माझ्या पोरीवर हसले नाहीत, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून जास्त लागलं. त्यांच्या लेखी तिथे कोणी मेलंच नव्हतं.

मी चौथी शिकलेली बाई आहे. अकोल्याची. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. मी लोकांची भांडी घासली, पाठ वाकेपर्यंत घासली. मुलगा प्रशांत शिकला, इंजिनियर झाला, आधी पुण्याला आणि मग आयर्लंडला गेला. डून लेरीला, समुद्राजवळ, त्याने भाड्याने घर घेतलं. २०२० च्या सुरुवातीला मी नातीला बघायला म्हणून आले. उन्हाळ्याआधी परत जायचं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद. घरापासून थोडं अंतर चालायचं, त्यापुढे पोलीस परत पाठवायचे. माझ्या वयाच्या माणसाने तर दारातच थांबायचं.

खिडकीतून समुद्र दिसायचा. डार्ट म्हणतात ती लोकल गाडी शहराकडे जायची, रिकामी. घरात मुलगा एका खोलीत कॉम्प्युटरपुढे, सून दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटरपुढे, नात तिसऱ्या खोलीत शाळेपुढे. मी स्वयंपाकघरात. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा. सून स्नेहल पुण्याची, मनाने सरळ. तिला वाटलं, आई कुढतात. तिने मला इथल्या मराठी लोकांच्या लेखनवर्गात घातलं. रविवारी दुपारी. दिवाळीला इथल्या मंडळाचा अंक निघायचा, त्यासाठी लोकांना लिहितं करायचं, असा तो वर्ग होता.

वर्ग अनघाताई घ्यायच्या. शहरातल्या बॉल्सब्रिज भागात राहायच्या. पुण्यात असताना कॉलेजात मराठी शिकवत. आवाज मऊ, मला 'अहो आजी'शिवाय हाक नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणजे आमचा खजिना आहात." मला बरं वाटलं होतं. खजिना उपसायचा असतो, हे मागाहून लक्षात आलं.

त्यांनी सांगितलं, एक वस्तू निवडा. पण ती नुसती वस्तू नको. तिच्या आडून दुसरं काहीतरी बोललं पाहिजे. त्याला प्रतीक म्हणतात. इथे शिकायला आलेल्या एका मुलीने कुकरच्या शिट्टीवर लिहिलं. शिट्टी म्हणजे आईची हाक. निखिलने प्रवासाच्या बॅगेवर लिहिलं. बॅग म्हणजे परकेपण. मला ऐकायला आवडलं. खोटं कशाला बोलू? ती मुलगी वाचताना रडली तेव्हा माझेही डोळे भरले.

माझी वस्तू घरातच होती. प्रशांतच्या फ्रीजच्या दाराला एक तोटी आहे. ग्लास लावला की खडखड करत बर्फाचे तुकडे पडतात. नात आर्या ते तोंडात टाकून कडाकडा फोडायची. बाहेर गारठा, माझी बोटं वळत नाहीत, आणि ही पोरगी बर्फ खाते. तो खडखडाट झाला की मी हातातलं काम ठेवून उभी राहायचे. का, ते या घरात कोणाला माहीत नव्हतं.

मी बर्फावर लिहिलं. नुसती वस्तू नको असं सांगितलं होतं. मला नुसती वस्तूच लिहिता आली.

मी लिहिलं ते असं होतं.

रंजू चार वर्षांची होती. प्रशांतच्या आधीची. रात्रीपासून अंगात ताप. सकाळी झटके आले, डोळे फिरले. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरने सुई टोचली आणि म्हणाला, खाट नाही, घरी न्या, डोक्यावर बर्फ ठेवत राहा, ताप डोक्यात जाऊ देऊ नका. चैत्र होता. लग्नसराई होती. बाजारातल्या गाडीवाल्याचा बर्फ सकाळीच उचलला गेला होता. नवरा जिनिंगमध्ये. मी सासूला रंजूजवळ बसवलं आणि वकिलांच्या घरी गेले.

त्यांच्याकडे मी भांडी घासायचे. मागच्या अंगणात. घरात पाय ठेवायचा नाही. मी घासलेली भांडी बाई पुन्हा पाण्याने विसळून आत घ्यायच्या. त्यांच्याकडे फ्रीज होता. मागच्या दारात उभं राहिलं की दिसायचा, पांढरा, कपाटाएवढा.

त्या दिवशी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यात बसवतात, पुढे आरास मांडतात, सवाष्णी बोलावतात. त्यांना आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं देतात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. पन्हं गार लागतं.

मी दारातून म्हणाले, "बाई, पोरीले झटके येऊन राह्यले जी. डाक्टरनं बरफ सांगतला. थोडासा द्या."

बाई पातेल्यात वेलदोड्याची पूड टाकत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"आजच सुचलं का तुला? बायका येतील आता. बर्फ पन्ह्याला लागणार."

"दोन खडे द्या जी."

"थांब म्हटलं ना. हळदीकुंकू आटपू दे. पेले पडतील तेवढे घासून दे. उरला तर नेशील."

मी थांबले. निघून गेले असते तर बर्फ कुठे होता? मला ठाऊक असलेल्या जगात तो त्या एका कपाटात होता.

बायका आल्या. रेशमी साड्या, मोगऱ्याचे गजरे. गौरीपुढे गाणं झालं. उष्टे पेले माझ्याकडे येऊ लागले. पेल्यांच्या तळाशी बर्फाचे कपचे असायचे, नखाएवढे, न विरलेले. मी ते एका वाटीत वेचायला लागले. वेचले आणि वाटी घेऊन उठले. बाईंनी दारातून बघितलं.

"वाटी कुठे घेऊन निघालीस? ठेव ती खाली."

मी ठेवली. मी तेव्हा पोरसवदा बाई होते, आणि बाईंनी ठेव म्हटलं की हात आपोआप ठेवायचा. कपचे मोरीत गेले. मी पुन्हा पेले घासायला बसले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा शेवटच्या बायका गेल्या.

बाई बर्फाचा ट्रे घेऊन ओट्यावर आल्या. "पदर पसर," म्हणाल्या. मी खाली उभी राहून पदर पसरला. त्यांनी वरून ट्रे उलटा करून आपटला, मला न शिवता. एक तुकडा पदराबाहेर पडला, तो मी उचलला. दारातलं गोणपाट घेतलं, पदराभोवती गुंडाळलं. बर्फाचे गाडीवाले तसाच नेतात, गोणपाटात टिकतो. आणि धावले. नाल्याचा पूल, मग आमची वस्ती.

सासू दारात उभी होती. आत नव्हती. तेव्हाच कळलं.

"आत्ताच गेली वं माय," ती म्हणाली. "आत्ताच."

मी गोणपाट उघडलं. बर्फ होता. कडा गोल झाल्या होत्या, बाकी तसाच होता. हाताला झोंबत होता. मी तो रंजूच्या कपाळावर ठेवला. सासू म्हणाली, "आता काहून?" कपाळ अजून गरम होतं. बर्फ तिथे वितळला. पाणी कानामागून खाली उतरलं आणि वाकळ भिजली.

एवढंच लिहिलं होतं मी.

त्या रविवारनंतर अनघाताईंनी माझे कागद स्नेहलकडून फोटो काढून मागवले. म्हणाल्या, टाईप करते आणि थोडे संस्कार करते. काही दिवसांनी संस्कार झालेलं घरी आलं. स्नेहलने मला मोठ्याने वाचून दाखवलं. नाव दिलं होतं 'ओला पदर'.

त्यात मुलीला नाव नव्हतं. नुसती 'ती'. बर्फ आई बाजारातून आणत होती. लांबून कुठूनतरी गौरीची गाणी येत होती, पण गाणाऱ्या कोणी नव्हत्या. ऊन मात्र पानंच्या पानं होतं. ऊन चाबकासारखं, ऊन सावकारासारखं, ऊन डोळे वटारून बघतंय. आणि शेवटी आई पदर उघडते, तर पाणी.

वाचता वाचता स्नेहल थांबली. "आई, भाषा छान आहे हो," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं.

मी अनघाताईंना फोन लावायला सांगितला.

"ताई, बाई कुठं गेली?"

"कोण बाई?"

"वकिलीणबाई."

"अच्छा, ती! आजी, ती फारच खलनायिका होत होती हो. अगदीच काळी. आजकाल असं लिहीत नाहीत. आणि मी खूप विचार केला, ती बिचारी तरी काय करणार? ती तिच्या काळाची, तिच्या संस्कारांची. म्हणून मी तिला काढलं आणि उन्हाला पुढे आणलं. ऊन म्हणजे समाजव्यवस्था. जाणता वाचक बरोबर ओळखतो."

"उन्हाने मला थांब म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

मला वाटलं, पोचलं.

"आजी!" त्या म्हणाल्या. "काय वाक्य आहे! हे घालू या का कुठेतरी?"

मी विचारलं, "आणि रंजूचं नाव?"

"नाव दिलं की ती एकाच घरची होते. नाव काढलं की ती सगळ्यांची मुलगी होते. कळतंय ना?"

मला कळत होतं. सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. तिच्यावरून कोणाला काही विचारता येणार नाही.

मग त्यांचा आवाज जरा बदलला. "खरं सांगू का? आमच्याकडेही आजी गौर बसवायची. इतकं सुंदर असायचं ते सगळं. मागच्या अंगणात कोण असायचं, मला नाही हो आठवत. आपल्या अंकाच्या निम्म्या वाचकांच्या घरी गौर बसते. त्यांना हे वाचून किती लागेल!"

कोणाला लागेल, याचाच विचार त्यांनी केला होता. बराच केला होता.

मी हळू विचार करणारी बाई आहे. पुढचे कितीतरी दिवस मी एकच गोष्ट उलटसुलट करून पाहिली. त्यांना बर्फ वितळलेलाच का हवा? नुसतं ऐकायला छान वाटतं म्हणून? भाकऱ्या करताना एक दिवस उजेड पडला. बर्फ वितळला म्हटलं की घर लांब होतं. ऊन कडक होतं. आई धावायला कमी पडली. नशीब. रडायचं आणि पान उलटायचं. पण बर्फ शाबूत होता म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो. मग उशीर कुठे झाला? वाटेत झाला नाही, नाहीतर बर्फ राहिला नसता. उशीर त्या अंगणात झाला. तो एका माणसाने केला. त्या माणसाला तोंड होतं आणि त्या तोंडाने ते 'थांब' म्हणालं.

एवढा बर्फ वितळवला आणि एक बाई सोडवली.

प्रतीक वाईट असं मी म्हणत नाही. कुकरच्या शिट्टीत त्या मुलीला आई ऐकू येते, तर येऊ दे. ती शिट्टी तिची आहे. माझ्या घरी मात्र प्रतीक आलं ते साक्षीदाराला उठवून लावायला आलं.

मी प्रशांतला सांगितलं. त्याला बहीण होती आणि ती तापाने गेली, एवढंच त्याला माहीत होतं. मीच एवढं सांगितलं होतं. 'ओला पदर' त्याने फोनवर वाचलं होतं.

"छान केलंय की त्यांनी," तो म्हणाला. "कथा म्हणून मस्त आहे."

"कथा नाही ती."

"असू दे कथाच." तो उठला, खोलीचं दार लावलं आणि माझ्यासमोर बसला. "आई, हे बघ. तू भांडी घासायचीस हे इथे कोणाला माहीत नाही. आपण कोण, कुठले, कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. अंकात तुझं नाव येणार, त्यात माझं आडनाव. कथा म्हटलं की विषय संपतो. खरं आहे म्हटलं की सुरू होतो."

"काय सुरू होतं?"

"तुला माहीत नाही का, काय सुरू होतं ते?"

मला माहीत होतं. पुण्याला शिकायला होता तेव्हा होस्टेलवरून यायचा आणि जेवायचा नाही. काय झालं ते सांगायचा नाही. मी खोदून विचारायचे नाही. आता तो मोठ्या घरात राहत होता, चांगले कपडे घालत होता, आणि अजून दार लावून बोलत होता.

वकिलीणबाईचा मला राग येतो. प्रशांतचा येत नाही. त्याचं नुसतं दुखतं. रंजूसाठी मी त्या वेळी रडले, वस्तीने रडायला मदत केली. प्रशांतसाठी रडायला मला जागा नव्हती. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दिवाळीच्या आधी इथे पुन्हा सगळं बंद झालं. अंकाचं प्रकाशन लॅपटॉपवर. स्नेहलने मला नवी साडी नेसवली, लॅपटॉपशेजारी पणती ठेवली. पडद्यावर इतक्या चौकटी, की तोंडं बटणाएवढी दिसत होती. अनघाताई पैठणी नेसल्या होत्या. "आणि आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आजी 'ओला पदर'चा शेवट वाचून दाखवतील," त्या म्हणाल्या.

स्नेहलने छापलेला कागद हातात दिला. मी तो पालथा ठेवला.

"बर्फ वितळला नव्हता," मी म्हणाले. "मी ज्या बाईंकडे भांडी घासत होते, त्यांनी मला दुपारभर थांबवून ठेवलं. पन्ह्यासाठी. मुलीचं नाव रंजना होतं. आम्ही महार, म्हणून त्यांनी बर्फ वरून टाकला…"

मी बोलत राहिले. चौकटींतली माणसं आधी बघत होती, मग इकडेतिकडे बघायला लागली. स्नेहल पुढे आली, एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"आई, त्यांनी तुम्हाला म्यूट केलंय. माझ्याकडून सुटत नाहीये."

माझं त्यांना ऐकू जात नव्हतं. त्यांचं मला येत होतं. अनघाताई हसून सांगत होत्या, "आजी जरा भावुक झाल्या आहेत. साहजिक आहे. कथेची ताकद बघा, लेखिकेलाच तो अनुभव खरा वाटायला लागला!"

टाळ्या पडल्या. हातांची चित्रं पडद्यावर वर वर जायला लागली.

मी थांबले नाही. त्या खोलीला सांगितलं. वाटीतले कपचे, उलटा केलेला ट्रे, गोणपाट, पूल, गरम कपाळ. स्नेहल तोंडावर हात ठेवून उभी होती. प्रशांत मागे भिंतीला टेकून होता. त्याने हे पहिल्यांदा ऐकलं. माझं संपल्यावर तो पुढे आला आणि लॅपटॉप मिटला. त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, आता माझ्याजवळ बसेल.

"झालं तुझं?" तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी अनघाताईंना फोन केला. माझं नाव काढा म्हटलं.

"आजी, असं काय करता? मग कथा कोणाच्या नावावर टाकू?"

"ज्याने लिहिली त्याच्या."

"मूळ तुमचंच आहे ना!"

"मूळ माझ्याकडे आहे. तुमच्या अंकात आहे ते तुमचं. त्यात माझी मुलगी नाही."

त्या रडायला लागल्या. "मी तुम्हाला मोठं करायला गेले हो. तुमचं लिखाण कोणापर्यंत पोचलं असतं का? मला वाटलं होतं, तुम्हाला आनंद होईल."

त्यांचं रडणं खरं होतं. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. समजूत काढली नाही. उभ्या आयुष्यात अशा बायकांची समजूत काढायचं मी पहिल्यांदाच टाळलं.

त्यांनी नाव काढलं. खाली आता 'एक आजी' असं आहे. पाणी पाणीच राहिलं. लोकांनी रडणारी तोंडं पाठवली, हृदयं पाठवली. स्नेहल ती मला दाखवत नाही, पण मला माहीत आहे.

वर्ष उलटलं. लसीच्या सुया टोचून झाल्या. विमानं सुरू होणार म्हणायला लागले. प्रशांत एका सकाळी चहा घेता घेता म्हणाला, "आई, तुझं तिकीट बघतोय." माझ्याकडे न बघता म्हणाला. मग म्हणाला, "आणि आर्याला ते सगळं सांगू नकोस. ती इथली आहे. तिला कशाला त्यात ओढायचं? मोठी होऊ दे."

मी 'बरं' म्हटलं नाही. त्याने ते ऐकलं, की मी म्हटलं नाही.

इतकी वर्षं मीच 'तापाने गेली' म्हणत होते. त्या शब्दांत बाई नव्हती, अंगण नव्हतं. अनघाताईंचं ऊन आणि माझा ताप, सांगण्यात फार फरक नाही. तो ताप आता मी वापरणार नाही. याचा अर्थ काय, असं मला कोणी विचारलं तर अर्थ सांगणार नाही. काय झालं ते सांगीन. अकोल्याला परत गेले की वकिलांच्या गल्लीत जाईन. बाई नसतील. सुना असतील, नातवंडं असतील. पुढच्या दाराने जाईन आणि सांगीन. हे लिहितेय ते छापणाऱ्याने एक शब्द बदलू नये. बदलायचा असेल तर छापू नये.

पण अकोला लांब आहे, आणि घरात एक माणूस होतं ज्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

आर्या शाळेतून आली. दप्तर टाकलं, स्वयंपाकघरात येऊन पाव भाजायला लावला. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते त्यांच्या इंग्रजीत. शेजारच्या खोलीत प्रशांतची मीटिंग चालू होती. दार उघडं होतं. मी ते लावलं नाही. खुर्ची ओढली.

"बस इथे."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "आर यू ग्रँड, आजी?" म्हणजे, बरी आहेस ना.

"नाही," मी म्हणाले. "ऐक. तुझ्या बाबाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तुझी आत्या. तिचं नाव रंजना. ती तापाने गेली नाही. तिला मरू दिलं. कोणी, ते सांगते."

शेजारच्या खोलीतला प्रशांतचा आवाज बंद झाला. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

मी आवाज आणखी चढवला.